घनमीटरचे लिटर करताना तीन शून्यं का येतात? (मुलीचा गृहपाठ, सोसायटीची टाकी आणि टँकर)

मुलुंडकरीण
लोकहो नमस्कार. जरा मदत हवी आहे, सविस्तर लिहिते कारण दोन गोष्टी एकमेकीत अडकल्यात. माझी मुलगी सहावीत, मराठी माध्यम. काल गृहपाठात "३.५ घनमीटर म्हणजे किती लिटर" असं होतं, तिने ३५० लिहिलं. कसं गं आलं विचारलं तर म्हणाली, एका मीटरचे १०० सेंटीमीटर ना, मग १०० ने गुणलं. बाईंनी फुली मारून शेजारी ३५०० लिहून दिलंय, पण का ते लिहिलेलं नाही, आणि हिला नुसतं पाठ करायचं नाहीये, कळलं पाहिजे म्हणते. १००० ने गुणायचं एवढं मला ठाऊक आहे पण "का" म्हटल्यावर मलाही पटकन सांगता येईना.

दुसरी गोष्ट सोसायटीची. आमची २४ घरं, मी यंदा खजिनदार. पाणीकपात चालू आहे, टँकर मागवावे लागतात. टँकरवाला तोंडी दहा हजार लिटर म्हणतो, पावतीवर १० केएल (किलोलिटर) लिहितो, पालिकेचं बिल हजार लिटरच्या हिशोबात येतं, आणि खालच्या टाकीचं माप नकाशात मीटरमध्ये आहे, ४ बाय ३ बाय २.५. परवाच्या मीटिंगमध्ये टाकीत किती पाणी मावतं याचे तीन जणांनी तीन आकडे सांगितले, ३,००० लिटर, ३०,००० आणि ३ लाख. सगळी शिकलेली माणसं. दर टँकरला पैसे मोजतोय आणि टाकी केवढी तेच एकमताने माहीत नाही, हे मला फार लागलं. मुलीला समजेल असं कोणी सांगाल का? तिला समजलं की मीच मीटिंगमध्ये सांगेन.

गणिताचे_सर
ताई, मुलीला आधी शाबासकी द्या, तिने विचार करून चूक केली आहे. मी पालिकेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, दरवर्षी निम्म्या वर्गाची इथेच गाडी अडते. कारण सांगतो.

मीटर ही नुसती लांबी, एक रेघ. घनमीटर म्हणजे खोकं, त्याला लांबी आहे, रुंदी आहे, उंची आहे. आता १० सेंटीमीटर बाजूचा एक ठोकळा घ्या, हाच १ लिटर, त्यात बरोबर लिटरभर पाणी मावतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच खोक्यात हे ठोकळे रचायचेत. पहिल्या ओळीत १० बसले. अशा १० ओळी की तळ भरला, १०० झाले. तुमची मुलगी इथवर आली आणि थांबली असं समजा. पण खोकं अजून वरपर्यंत रिकामंच आहे, तळावर तळ असे १० थर चढतील. १० गुणिले १० गुणिले १०, हजार ठोकळे, हजार लिटर. दहाने तीनदा गुणायचं कारण खोक्याला बाजू तीन. म्हणून ३.५ घनमीटर म्हणजे ३,५०० लिटर.

आता तिने १०० सेंटीमीटर धरले तेही चूक नाही, फक्त तेही तीनदा करायला हवं होतं. १०० गुणिले १०० गुणिले १०० म्हणजे १० लाख. १ घनमीटर म्हणजे १० लाख घनसेंटीमीटर, आणि १ घनसेंटीमीटर म्हणजेच १ मिलिलिटर. १० लाख मिलीला हजाराने भागा, परत १,००० लिटर. दोन्ही वाटांनी गेलं तरी उत्तर एकच, ही पडताळणी तिला करायला लावा, खूप आनंद होतो मुलांना.

एक खड्डा मात्र दाखवून ठेवतो. लिटरच्या पायऱ्या दहादहाच्या आहेत, किलो हेक्टो डेका, लिटर, डेसी सेंटी मिली. घन लावलेल्या पायऱ्या हजाराहजाराच्या. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, १०० मिली. घन डेसीमीटर म्हणजे अख्खा लिटर. "डेसी" दोन्हीकडे आहे पण एकात तो लिटरला चिकटलाय आणि दुसऱ्यात मीटरला, आणि घन करताना तो डेसीसुद्धा तीनदा गुणला जातो. वर्गात मी फळ्यावर हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून पूर्ण तास घालवायचो.

तुमची टाकी: ४ गुणिले ३ गुणिले २.५ = ३० घनमीटर = ३०,००० लिटर. मधला आकडा सांगणारे बरोबर.

गोरेगावकर
सर मस्त समजावलंत. माझी एक शंका, हे डेका हेक्टो डेसी सेंटी आपण शाळेत घोकलं पण दुकानात तर फक्त लिटर आणि मिली दिसतं, मग बाकीचे कोण वापरतं?

परिचारिका_परळ
@गोरेगावकर, डेसिलिटर तुमच्या घरातच आहे, आईवडिलांचा साखरेचा रिपोर्ट काढून बघा. साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे १०० मिली रक्तात किती मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन १३ असं आपण म्हणतो ते १३ ग्रॅम प्रति डेसिलिटर, लिटरमागे धरलं तर १३० ग्रॅम. काही परदेशी रिपोर्टमध्ये लिटरमागेच देतात आणि नातेवाईक १३० बघून घाबरतात, मी स्वतः दोनदा समजावलंय. सेंटिलिटर युरोपातल्या बाटल्यांवर असतो, ७५ सेंटिलिटर म्हणजे ७५० मिली.

धाग्यावर आलेच आहे तर एक मनापासून सांगते, वॉर्डात एकवीस वर्षं झाली म्हणून. सीसी आणि मिली एकच, सीसी म्हणजे घनसेंटीमीटर, त्यात गोंधळ नको. पण मिली आणि मिग्रॅ एक नाही. मिली म्हणजे बाटलीतून किती ओतलं, मिग्रॅ म्हणजे त्यात औषध किती. लहान बाळांचे तापाचे थेंब येतात त्यात १ मिलीमध्ये १०० मिग्रॅ औषध असू शकतं, आणि त्याच औषधाच्या पातळ सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅ. म्हणजे सिरपच्या १ मिलीत २४ किंवा ५०, आणि थेंबांच्या १ मिलीत १००. थेंबांची बाटली हातात घेऊन सिरपच्या चमच्याने ५ मिली दिलं तर ५०० मिग्रॅ गेलं बाळाच्या पोटात. बाटलीवरचं "प्रति किती मिली" वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि स्वयंपाकघरातला चमचा तर अजिबात घ्यायचा नाही, प्रत्येक घरचा चमचा वेगळा. बाटलीबरोबर आलेलं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा, आणि किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच.

मुलीला गणित आवडत असेल तर सलाईनचं द्या. साध्या सेटमध्ये २० थेंब म्हणजे १ मिली. ५०० मिलीची बाटली ८ तासांत संपवायची. ५०० गुणिले २० = १०,००० थेंब, ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. आम्ही घड्याळ धरून मोजायचो. लहान मुलांच्या सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिली, तिथे तेच गणित तिप्पट थेंबांचं होतं.

लालबागचे_काका
छान धागा. आमच्या लहानपणी चाळीत आजी भात मापट्याने मोजायची. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळं दुप्पट दुप्पट चालायचं, दहाचा संबंधच नाही. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा आला, १९५७ च्या १ एप्रिलला नवे पैसे आले आणि मग हळूहळू किलो लिटर. माझे वडील भायखळ्याला धान्याच्या दुकानात कामाला होते, ते सांगायचे की गिऱ्हाईक लिटर मागायचं पण डोळ्यासमोर शेरच असायचा. दुप्पट-निमपट हाताला पटकन येतं हे खरं, पण तीन पायल्या आणि पाच चिपटी अशी बेरीज करून बघा म्हणजे दहाच्या पद्धतीची किंमत कळेल. शून्य सरकवलं की झालं.

गणिताचे_सर
काकांनी छान आठवण काढली. लिटरचीही गोष्ट सांगतो, मला फार आवडते. लिटर १७९५ साली फ्रान्समध्ये ठरला, घन डेसीमीटर म्हणूनच. पण १९०१ साली व्याख्या बदलली, सर्वात जास्त घनता असताना १ किलो पाणी जेवढी जागा व्यापतं तेवढा लिटर असं केलं. आता किलोचा मूळ नमुना आणि पाणी यांचा मेळ अगदी केसभर चुकला होता, त्यामुळे तो लिटर १.००००२८ घन डेसीमीटर भरला. तुमच्या ३०,००० लिटरच्या टाकीत हा फरक ८४० मिली, म्हणजे साधारण तांब्याभर. शास्त्रज्ञांना तेवढंही चालेना, १९६४ मध्ये परत घन डेसीमीटर. तेव्हापासून बरोबर हजाराचा हिशोब, वर काही शिल्लक नाही.

आणि १९७९ मध्ये लिटरसाठी इंग्रजी मोठा एल लिहायला परवानगी मिळाली, कारण लहान एल आणि १ आकडा सारखेच दिसतात. सिस्टर हे तुम्हाला जास्त पटेल.

परिचारिका_परळ
पटतं तर. आमच्याकडे मोठाच लिहायचा असा दंडक आहे.

मुलुंडकरीण
सर, सिस्टर, काका, सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी खोकं केलं. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, आतून बरोबर १० सेंटीमीटर, आत दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, कडा चिकटपट्टीने. २५० मिलीचा मापाचा कप घेतला आणि चार वेळा ओतला. काठापर्यंत यायला हवं होतं ना, तर अर्धा सेंटीमीटर खालीच राहिलं. पोरगी हिरमुसली, म्हणाली आई सर चुकले. मग तिनेच पट्टी लावून मोजलं, १० गुणिले १० गुणिले ०.५, ५० मिलीची जागा उरतेय. हे ५० मिली गेले कुठे? नंतर बाजूने बघितलं तर पाण्याच्या भाराने पुठ्ठ्याचं पोट बाहेर आलेलं, चारही बाजूंना. सुतळी बांधली चांगली तीन वेढे, पुन्हा भरलं. चौथा कप संपता संपता पाणी बरोबर काठाला आलं, वर जरासं फुगून थरथरत थांबलं पण सांडलं नाही. पोरगी टाळ्या पिटत घरभर नाचली. आज शाळेत ते ओलं खोकं घेऊन गेलीय.

जलखात्यातून_निवृत्त
ताई, मुलीला माझे आशीर्वाद. पुठ्ठ्याचं पोट सुटणं हेच टाकीच्या भिंतीचंही दुखणं असतं, म्हणून तर काँक्रीटमध्ये एवढ्या सळ्या घालतात.

पेपरमध्ये रोज तलावांचे आकडे येतात ते तिला वाचायला द्या, आता तिला कळतील. पेपरात लिहितात दशलक्ष लिटर. १ दशलक्ष लिटर म्हणजे १,००० घनमीटर, म्हणजे १० मीटर लांब रुंद उंच असं खोकं, तीन मजली घराएवढं. मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी पुरवलं जातं, अशी ३,९०० खोकी रोज. सातही तलाव काठोकाठ भरले की १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. भागून बघा, ३७० दिवसांच्या वर भरतं, बाष्पीभवन वगैरे सोडून. म्हणून पावसाळ्यानंतर तलाव भरले का याकडे सगळ्यांचा जीव लागलेला असतो, पुढच्या पावसापर्यंतची तेवढीच शिदोरी. त्यातही अर्धं पाणी एकट्या भातसाचं, ७,१७,०३७. बोरिवलीच्या जंगलातला तुळशी भरला की लोक फोटो टाकतात, तो आहेच देखणा, पण त्याचे ८,०४६ दशलक्ष लिटर शहराला दोन दिवस पुरतात.

गावाकडच्या बातम्यांत टीएमसी आणि दलघमी असतं, तिथेही अडू नका. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, १ दलघमी = १,००० दशलक्ष लिटर, परत तीन शून्यं. मुंबईचा साठा १,४४७ दलघमी. टीएमसी मात्र फुटातला आहे, अब्ज घनफूट, आणि एका घनफुटात २८.३२ लिटर. १ टीएमसी = २८,३१७ दशलक्ष लिटर. आपला विहार तलाव, १८६० सालचा, २७,६९८ चा, म्हणजे जवळजवळ एक टीएमसी. टीएमसी केवढा असतो असं कोणी विचारलं की मी विहार दाखवायचो. सातही मिळून ५१ टीएमसी. कोयना एकटी १०५ ची.

आता तुमच्या टाकीचं. नकाशातलं २.५ मीटर पूर्ण धरू नका, वर ओव्हरफ्लोचा पाईप असतो, त्याच्यावर पाणी चढत नाही. तो ३० सेंटीमीटर खाली असेल तर ४ गुणिले ३ गुणिले २.२ = २६.४ घनमीटर, २६,४०० लिटर एवढीच खरी टाकी. माणशी रोज १३५ लिटर आणि घरटी ५ माणसं धरली तर २४ घरांना दिवसाला १६,२०० लिटर. एका भरलेल्या टाकीत तुमचा पुरता दीड दिवस निघतो. पालिकेच्या बिलातला एक युनिट म्हणजे हजार लिटर, म्हणजे तुमचं महिन्याचं बिल ४८६ युनिटच्या आसपास यायला हवं.

आणि टँकर मोजायची युक्ती सांगतो. टाकीचा तळ ४ बाय ३, १२ चौरस मीटर. पाणी १ सेंटीमीटर चढलं म्हणजे १२ गुणिले ०.०१ = ०.१२ घनमीटर, १२० लिटर. एक लांब बांबू घ्या, त्यावर सेंटीमीटरच्या खुणा करा, टँकरच्या आधी आणि नंतर बुडवा. दहा हजार लिटर पडले तर पाणी ८३ सेंटीमीटर चढलंच पाहिजे. फक्त तळाचं माप आतून घ्या, प्लास्टरने दोनचार सेंटीमीटर खाल्लेले असतात.

सांताक्रूझचा_समीर
काकांच्या १२० लिटरवरून आठवलं, पावसाचंही असंच आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला. १०० चौरस मीटरची गच्ची धरा, ९४,४०० लिटर, नऊ टँकरपेक्षा जास्त पाणी एका गच्चीवर एका दिवसात. तेव्हा मी नववीत होतो, खांद्याएवढ्या पाण्यातून घरी आलो, पण पाणी एवढं कुठून आलं हे गणित खरं समजलं ते कॉलेजात. पावसाचं पाणी साठवायची टाकी बसवणाऱ्या सोसायट्यांनी हाच हिशोब धरावा, गच्चीचे चौरस मीटर गुणिले पावसाचे मिमी, सरळ लिटर येतात. थोडं वाया जातं ते वजा करा.

मुलुंडकरीण
बांबू केला. वॉचमन मामांनी खुणा कोरल्या, दर दहाला लाल रंग. तळ आतून ४ बाय ३ बरोबर आहे, गेल्या महिन्यात टाकी धुतली तेव्हा मामांनीच टेपने मोजली होती. आज सकाळचा टँकर, आधी ६२, नंतर १३३. ७१ सेंटीमीटर. ७१ गुणिले १२०, ८,५२० लिटर. दहा हजाराचे पैसे घेतले आणि दीड हजार लिटर कमी. मला इतका संताप आलाय की काय सांगू, महिन्याला आठ टँकर घेतोय आम्ही.

जलखात्यातून_निवृत्त
ताई, लगेच भांडायला जाऊ नका. टँकर खाली होत होता तेव्हा वरच्या टाकीचा पंप चालू होता का? पंप खालचं पाणी वर ओढतो, मग खाली पातळी कमीच दिसणार. आणि पालिकेची लाईन त्या वेळी चालू असली तर उलट जास्त दिसेल. दोन्ही बंद करून मोजा, तो आकडा खरा.

मुलुंडकरीण
मामांना विचारलं, पंप दहा मिनिटं चालू होता म्हणतात. म्हणजे आजचं माप धरता येणार नाही. बरं झालं विचारलंत, मी फोन करणारच होते.

गोरेगावकर
ताई पेट्रोल पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं, शंका आली तर आपल्यासमोर ओतून दाखवा म्हणता येतं, मी एकदा मागितलं होतं आणि काढून दाखवलं. टँकरचंही माप पटलं नाही तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. पण काका म्हणतात तसं आधी आपलं मोजणं पक्कं करा.

मुलुंडकरीण
चार दिवसांनी लिहितेय. दुसऱ्या टँकरला पंप बंद, पालिकेच्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद, मुलगी वही घेऊन शेजारी उभी. ४० वरून ११४. ७४ सेंटीमीटर, ८,८८० लिटर. १,१२० कमी. या वेळी ड्रायव्हर दादांना हाक मारली, बांबू दाखवला, मुलीने वही पुढे केली आणि सगळा गुणाकार त्यांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, बांबूच्या ओल्या खुणेकडे बघत राहिले, मग म्हणाले मॅडम मी फक्त गाडी चालवतो, भरतात दुसरीकडे, मालकाला सांगतो.

आज तिसरा आला. मालकाचा माणूस सोबत. ओतायच्या आधी टँकरचं वरचं झाकण उघडून मामांना दाखवलं, गळ्यापर्यंत भरलेला. पंप बंद, व्हॉल्व्ह बंद. ३५ वरून ११७. ८२ सेंटीमीटर, ९,८४० लिटर. उरलेले १६० लिटर पाईपात आणि टँकरच्या तळात राहतात असं तो म्हणाला, तेवढं आम्ही मान्य केलं. रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव झाला, दर टँकरला आधीनंतरचे दोन आकडे रजिस्टरमध्ये लिहायचे आणि दोघांच्या सह्या. ३ लाख म्हणणारे काका स्वतः पहिली सही करायला आले.

आणि सर, बाईंनी ते खोकं वर्गात ठेवून घेतलंय. सुतळीसकट.

गणिताचे_सर
वा! तिला आता एवढंच विचारा, की खोक्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली, २० सेंटीमीटर, तर किती लिटर मावेल. घाई करू देऊ नका.

मुलुंडकरीण
सर, विचारलं. आधी "दोन" म्हणाली, मग स्वतःच "थांब" म्हणाली आणि बोटं मोडत बसली. आत्ता स्वयंपाकघरातून ओरडून सांगतेय, आठ.